फुलं सगळे दाखवतात, सुकलेलं रोप कुणीच नाही

सप्रेम नमस्कार. सात वर्षांपूर्वी आम्ही नऊ मैत्रिणींनी बागकामाचा एक ऑनलाइन ग्रुप सुरू केला. कुणाच्या कुंडीत टोमॅटोचं पहिलं फळ धरलं तरी दिवसभर गप्पा चालायच्या. हळूहळू माणसं वाढली. मागच्या वर्षी ग्रुपची लिंक सगळ्यांसाठी खुली केली आणि आठवड्याभरात सव्वाशे नवे लोक आले. आज आम्ही 340 आहोत आणि ग्रुपवर शुकशुकाट आहे. बोलतात ते जेमतेम पंधरा जण. बाकी फुलांचे फोटो, त्याखाली अंगठे आणि सकाळचे सुविचार. आमच्यात एक ज्येष्ठ काका आहेत. झाडांची त्यांच्याइतकी माहिती कुणालाच नाही, पण नव्या माणसाने काही विचारलं की ते अंगावर येतात. गेल्या महिन्यात एका मुलीने मिरचीच्या मुरडलेल्या पानांचा फोटो टाकला आणि ‘हे असं का होतंय?’ एवढंच विचारलं. काकांनी लिहिलं, ‘आधी जुने मेसेज वाचा, मग विचारा.’ संध्याकाळी ती ग्रुप सोडून गेली. कुणीच काही बोललं नाही, मीसुद्धा. काकांना काढून टाकू का? कडक नियम करू का? की ग्रुपच बंद करू? खरं सांगू का, मी दमले आहे.
– एक दमलेली ॲडमिन

ताई,

तुमचे तीन प्रश्न मी बाजूला ठेवते आणि आधी त्या मुलीच्या मिरचीकडे बघते. तुमच्या ग्रुपला काय झालंय ते मला त्या मिरचीतच दिसलं.

मिरचीची पानं मुरडतात ती एकाच कारणाने नाही. पानांच्या कडा वरच्या बाजूला वळून पानाची होडी झाली असेल, तर बहुतेक वेळा फुलकिडे, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, असतात. कडा खाली वळून पान उलट्या वाटीसारखं झालं असेल, तर कोळी, म्हणजे पानांचाच रस शोषणारा त्याहून सूक्ष्म जीव. आणि पानं बारीक, गोळा झालेली, झाड खुरटलेलं आणि फांदी हलवली की पांढऱ्या माश्या उडत असतील, तर त्या माशीने आणलेला विषाणू असण्याची शक्यता मोठी. पहिल्या दोन्हींत झाड वाचवता येतं. तिसऱ्यात रोप उपटून बाजूला करावं लागतं, म्हणजे शेजारच्या कुंड्या तरी वाचतात. बघायची पद्धत सोपी आहे. पानाखाली पांढरा कागद धरायचा, फांदीला दोनचार टिचक्या मारायच्या आणि कागदावर काही सरपटतंय का ते बघायचं. फुलकिडा एक-दोन मिलिमीटरचा असतो, डोळे बारीक करून बघितलं तर दिसतो. मिरचीवरचा कोळी भिंगाशिवाय दिसत नाही.

हे सगळं काकांना माहीत असणार. माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. आता त्या मुलीच्या बाजूने बघा. तिला ‘फुलकिडे’ हा शब्द माहीत नाही. ‘कोळी’ म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचा कोळी येणार. ती जुन्या मेसेजमध्ये शोधणार तरी काय? ‘मिरची’ टाकून बघितलं असेल तर सात वर्षांत शेकड्याने मेसेज निघाले असतील, त्यात निम्मे फळांचे फोटो आणि उरलेल्यांत एकमेकांना छेद देणारे उपाय. शोधायला आधी शब्द लागतो, आणि नव्या माणसाकडे नेमका तोच नसतो. तो मिळवायलाच तर ती आली होती. तिला हवा होता एक उलटा प्रश्न: ‘कडा वर वळल्यात की खाली?’ एवढं कुणी विचारलं असतं, तर ती उठून झाडापाशी गेली असती, पान उलटं करून बघितलं असतं, परत येऊन सांगितलं असतं. बागकाम शिकणं म्हणतात ते हेच. आणि ग्रुप जिवंत असणं म्हणतात तेही हेच.

काकांवर मी चटकन रागावू शकत नाही, कारण हे मीही केलेलं आहे. बरीच वर्षं मी असाच एक ग्रुप सांभाळत होते. एकाने गुलाबाचा फोटो टाकला. खालची पानं पिवळी, माती काळीभोर ओली, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलेलं. मी लिहिलं, ‘पाणी जास्त होतंय. कितीदा सांगायचं?’ त्याने उत्तर दिलं, ‘सॉरी, मी पहिल्यांदाच विचारलं.’ त्यानंतर तो कधीच काही बोलला नाही. त्याचं ते वाक्य मला अजून टोचतं. त्याने एकदाच विचारलं होतं, पण माझ्या मनात आधीच्या शंभर जणांचा कंटाळा साठला होता, तो सगळा मी त्या एकट्याच्या पदरात टाकला. जुनी जाणती माणसं तुटक बोलायला लागतात ती बहुतेक याच वाटेने. मनाने ती वाईट नसतात. तेच तेच सांगून ती थकलेली असतात, आणि त्यांचा थकवा कुणाच्या लक्षात येत नाही.

आता सव्वाशे माणसं एका आठवड्यात आली, त्याकडे वळते. माझ्या मते तुमचं दुखणं तिथून सुरू झालं.

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात युजनेट नावाचं चर्चांचं मोठं जाळं होतं. दरवर्षी सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत नवे विद्यार्थी यायचे, पहिल्यांदाच तिथे लिहायला लागायचे, रीत माहीत नसल्याने गोंधळ घालायचे. जुने लोक त्यांना सांभाळून घ्यायचे आणि काही आठवड्यांत ती मुलं रुळायची. मग व्यावसायिक सेवांनी आपल्या ग्राहकांना तिथे वाट मोकळी करून दिली आणि नव्यांचा लोंढा थांबेचना. 1993 च्या त्या सप्टेंबरला जुनी मंडळी ‘कधीच न संपलेला सप्टेंबर’ म्हणतात. नवे लोक आधीच्या नव्यांपेक्षा वाईट नव्हते. शिकवणारे होते तेवढेच राहिले आणि शिकणारे कितीतरी पट झाले, एवढंच घडलं. नव्याला रीत कळते ती जुन्यांचं बघून. बघायला जुनं माणूसच सापडलं नाही, की नवे नव्यांचंच बघतात. तुमच्याकडे सव्वाशे जणांनी आल्याआल्या काय बघितलं? फुलांचे फोटो आणि अंगठे. इथे हेच करायचं असतं, अशी त्यांची समजूत झाली.

म्हणून लिंक आजच बंद करा. माणसं येऊ द्या, पण आठवड्याला चार-पाचच, आणि प्रत्येकाचं नाव घेऊन, त्याच्याकडे काय लावलंय ते विचारून. ‘सर्व नवीन सदस्यांचे स्वागत’ असा एक मेसेज टाकला म्हणजे कुणाचंच स्वागत केलं नाही. ‘तुमच्याकडे ऊन किती तास येतं?’ हा प्रश्न मात्र माणसाला बोलतं करतो, कारण त्याचं उत्तर त्याच्याकडे असतं. नाहीतर नवा माणूस आपल्याला काहीच येत नाही असं धरूनच आलेला असतो.

पंधराच जण बोलतात, याची काळजी तुम्ही करताय त्याहून कमी करा. जेकब नील्सन या वेबअभ्यासकाने 2006 मध्ये अशा समूहांचं एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि बहुतेक सगळं लिहिणारा एकच असतो. त्या हिशेबाने 340 मध्ये तीन-चारच माणसं गाडा ओढणारी आणि तीसेक अधूनमधून बोलणारी असतात. तुमचे पंधरा त्याहून कमी असले, तरी बहुतेक जण गप्प असणं हे सगळीकडचंच आहे. गप्प माणूस गेलेला नसतो. तो वाचत असतो आणि उद्या आपल्या कुंडीत करून बघत असतो. ‘जे सक्रिय नाहीत त्यांना काढण्यात येईल’ अशी तंबी चुकूनही देऊ नका. तशी तंबी दिली की चार दिवस सगळे नुसते ‘छान’, ‘सुंदर’ लिहितात आणि नंतर आधीपेक्षा जास्त शांतता पसरते.

मला काळजी वाटते ती हे पंधरा जण काय बोलतात याची. तुमच्या पत्रात पहिल्या वर्षांच्या आठवणीत एक टोमॅटो आहे. आताच्या वर्णनात फुलांचे फोटो आणि अंगठे आहेत. ग्रुपचं प्रदर्शन झालंय, ताई. प्रदर्शनात माणूस चालत जातो, मान हलवतो आणि बाहेर पडतो. तिथे सुकलेली कुंडी कुणी नेऊन ठेवत नाही. पण बाग करणाऱ्याच्या आयुष्यात फुललेल्या झाडापेक्षा न फुललेली झाडंच जास्त असतात. बी उगवत नाही, रोप बुडापासून कुजतं, कळ्या गळतात, आठ दिवस बाहेरगावी जाऊन आलं की अर्धी बाग वाळलेली असते. हे सगळ्यांकडे होतं. मात्र ग्रुपवर रोज नुसती फुलंच दिसली, तर घरी बसलेल्या नव्या माणसाला वाटतं, माझाच हात वाईट. असं वाटलेला माणूस विचारत नाही, आणि मग जाणत्यांना उत्तर द्यायलाही काही उरत नाही. तुमचा शुकशुकाट मला तरी असाच उलगडतो.

तेव्हा सुरुवात तुमच्यापासून करा. या आठवड्यात तुमच्याकडचं मेलेलं किंवा मरायला टेकलेलं एक रोप दाखवा. कुंडी पुसू नका, फोटोसाठी बाजूला फुलं ठेवू नका. खाली लिहा, ‘हे माझ्या हातून गेलं. मला वाटतं पाणी जास्त झालं. तुम्हाला काय वाटतं?’ शेवटचा प्रश्न खरा असू द्या. उत्तर आधीच माहीत असलेला परीक्षेतला प्रश्न लोक लगेच ओळखतात. नंतर सुरुवातीच्या मैत्रिणींपैकी ज्या अजून आहेत, त्यांना खासगीत सांगा, की पुढच्या चार आठवड्यांत प्रत्येकीने एकएक असंच रोप दाखवायचं. वार ठरवून घ्या. माझ्या ग्रुपमध्ये तो शनिवार होता. पहिले दोन शनिवार आम्ही तिघीच बोलत होतो. तिसऱ्या शनिवारी वर्षभर गप्प असलेल्या एका गृहस्थांनी एकदम सात वाळलेल्या कुंड्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘बरं वाटलं, मी एकटा नाही.’ त्या दिवशी रात्री अकरापर्यंत मेसेज येत होते. सातपैकी एका कुंडीतल्या काडीला नखाने ओरखडा काढायला कुणीतरी सांगितलं. सालीखाली हिरवं होतं. ते झाड पुढे फुटलं.

आणखी एक उपाय सांगते, तो मला फार आवडतो. सगळ्यांनी एकच बी एकाच दिवशी लावायचं. महाग, दुर्मिळ काही नको, साधी चवळी किंवा घेवडा घ्या. हे बी मोठं असतं, हाताळायला सोपं, आणि हवा उबदार असेल तर आठवड्याभरात वर येतं. तिसऱ्या दिवशी फोटो, सातव्या दिवशी फोटो, पहिलं त्रिदल पान आलं की फोटो. यात नवा आणि जुना एका रांगेत येतात, कारण बी कुणाच्या अनुभवाकडे बघून उगवत नाही. तीस वर्षं बाग करणाऱ्याचं बी कुजतं आणि पहिल्यांदा मातीत हात घालणाऱ्या मुलाचं तरारून येतं. मग आपोआप चौकशी सुरू होते. किती खोल लावलं होतं? पाणी वरून दिलं की खालून? माती कसली घेतली? प्रश्न विचारायला लाज वाटत नाही, कारण सगळ्यांपुढे तेच रोप असतं. शिवाय एकच बी वेगवेगळ्या जागी कसं वागतं ते डोळ्यांना दिसतं. ‘माझ्याकडे पाचव्या दिवशी आलं, तुमच्याकडे का नाही?’ याचं उत्तर ऊन, हवा, माती आणि जागेत असतं. ही गोष्ट एकदा अंगवळणी पडली की ‘हेच बरोबर, ते चूक’ अशी भांडणंही कमी होतात.

आता काका. त्यांना काढू नका. आणि ग्रुपवर सगळ्यांसमोर समज तर मुळीच देऊ नका. जाणत्या माणसाला चारचौघांत टोकलं की तो एकतर भांडतो नाहीतर कायमचा गप्प होतो, दोन्हींत तोटा ग्रुपचा. त्यांना फोन करा. मेसेज नको, फोनच. मिरचीवाली मुलगी त्याच संध्याकाळी निघून गेली, हे त्यांना सांगा. मला वाटतं त्यांना ते माहीतच नसेल. माणसं जातात तेव्हा आवाज होत नाही. ‘तुम्ही चुकलात’ असं म्हणायची गरज नाही. नुसतं ‘ती गेली, आणि मला वाईट वाटलं’ एवढं म्हणा आणि थांबा. पुढचं त्यांना बोलू द्या.

मग त्यांच्याकडे मागणं मागा. एक म्हणजे त्यांच्या पहिल्या वर्षांत जी झाडं गेली त्यांच्या गोष्टी, ग्रुपवर, त्यांच्याच शब्दांत. ज्या माणसाला सगळं येतं त्याचंही कधीकाळी गेलं होतं, हे नव्या माणसाने ऐकलं की त्याला किती धीर येतो, ते मी बघितलंय. दुसरं, सारखे येणारे आठ-दहा प्रश्न त्यांनी एकदाच सविस्तर लिहून द्यावेत: पानं पिवळी का पडतात, कळ्या का गळतात, पांढरा कापूस दिसतो तो काय, बी का उगवलं नाही. त्यांचं तेच तेच सांगणं वाचेल. पण एक अट घाला. ती टिपणं कुणाच्या तोंडावर फेकायची नाहीत. नव्याने विचारलं की आधी एक माणूस त्याच्याशी दोन वाक्यं बोलणार आणि मग टिपण देणार. ‘खालची जुनी पानं पिवळी पडतायत की शेंड्याची नवी? खालची असतील तर बहुधा पाणी जास्त होतंय किंवा नत्र कमी पडतंय. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नसेल. काकांनी यावर छान लिहिलंय, हे बघा.’ माहिती तीच, पण ‘आधी वाचा’ आणि हे यांत किती फरक आहे!

तरीही काकांचं बोलणं बदललं नाही तर? तेव्हा नियम लागतील. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासिकेने पाणी, कुरणं, मासेमारी अशा सामाईक गोष्टी लोक आपापसांत वर्षानुवर्षं कशा सांभाळतात याचा अभ्यास केला. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. टिकलेल्या गटांमध्ये त्यांना दोन गोष्टी दिसल्या, त्या तुमच्या कामाच्या आहेत. नियम ज्यांना पाळायचे असतात, ते ठरवण्यात त्यांचाही हात असतो. आणि नियम मोडणाऱ्याला पहिल्या खेपेला हलकीशी समज मिळते, पुन्हा मोडला तर थोडी जास्त, असं करत चढत जातात. पहिल्याच चुकीला हकालपट्टी नाही, आणि दहाव्या चुकीलाही काणाडोळा नाही. त्यामुळे नियमांची यादी एकट्या बसून लिहू नका. ग्रुपला विचारा, ‘इथे काय असावं, काय नसावं?’ तीन-चार गोष्टींवर एकमत होईल, तेवढ्या पुरेत. फोन ही काकांसाठी पहिली पायरी. पुन्हा तसं झालं तर त्याच ठिकाणी, शांतपणे, ‘काका, इथे असं नको’ एवढं म्हणायला तुम्ही तयार राहा. गेल्या महिन्यात ते म्हणायला तुमची जीभ उचलली नाही, यात तुमचा अपराध नाही. त्या वेळी ‘इथे असं नको’ हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. ठरलेलं असलं की बोलणं सोपं जातं.

मायेने बोलायचं म्हणजे चुकीचा सल्ला चालवून घ्यायचा, असं मात्र नाही. हे जरा नीट सांगते, कारण बऱ्याच चांगल्या ग्रुपचा घात इथे होतो. समजा कुणाच्या टोमॅटोला बुडाशी काळा, खोलगट डाग पडला आणि कुणीतरी प्रेमाने सांगितलं, ‘अंड्याची टरफलं घाला, कॅल्शियम कमी पडलंय.’ अर्धं बरोबर आहे. फळाला कॅल्शियम कमी पडतं हे खरं, पण पुष्कळदा मातीत ते असतंच. पाणी कधी भरपूर, कधी दोन दिवस नाही, असं झालं की ते फळापर्यंत पोचत नाही. टरफलं मातीत विरायला महिनोन्महिने घेतात, तोवर हंगाम संपतो. इथे ‘साफ चूक’ म्हणणारा जाणता आणि ‘जाऊ दे, कशाला दुखवा’ म्हणून गप्प बसणारा जाणता, दोघेही कामाचे नाहीत. ‘टरफलांनी बिघडत काही नाही, पण या फळांना त्यांचा उपयोग व्हायला उशीर होईल. आत्ता रोज एकाच मापाने पाणी द्या, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन करा, पुढची फळं बघा.’ असं म्हटलं की सांगणाऱ्याचा मान राहतो आणि टोमॅटोही सुधारतो. ‘असं करा’ऐवजी ‘माझ्याकडे असं केल्यावर असं झालं’ म्हणायची सवय सगळ्यांनाच लावा. अनुभव खोडायला कुणी धावत नाही. हुकूम दिसला की धावतात.

याला अपवाद विषाचा. कीटकनाशकाचं प्रमाण कुणी अंदाजाने सांगत असेल, दोन औषधं मिसळायला सांगत असेल, किंवा फोटो बघून ‘ही भाजी खायला चालते’ म्हणत असेल, तर तिथे आडवळण नको. लगेच, स्पष्ट, ‘थांबा, हे करू नका’ म्हणा. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो. डिफेनबाकिया या घरात ठेवायच्या शोभेच्या झाडाचं पान चावलं तर तोंडाची आग होते आणि सूज येते. लिली मांजराच्या मूत्रपिंडांचा घात करते. फोटोवरून झाड ओळखून ‘खा’ कुणीही कुणाला सांगायचं नाही, हा नियम मात्र मताला टाकू नका. तो तुम्हीच घाला.

सुविचारांसाठी आणि जाहिरातींसाठी वेगळा ग्रुप काढा, ज्यांना हवं ते तिकडे जातील. आणि बागेत सगळेच कामात बुडालेले असतात किंवा हवामानामुळे काहीच करण्यासारखं नसतं, अशा दिवसांत ग्रुप शांत राहिला तर राहू द्या. ती शांतता वेगळी, कळेल तुम्हाला.

राहिला तुमचा थकवा. सात वर्षं तुम्ही एकटीने दार उघडलंत, एकटीने भांडणं मिटवलीत, आणि शेवटी एकटीनेच ग्रुप बंद करायचा का ते ठरवायला बसलात. कुठल्याही बागेत एकाच माणसाने सात वर्षं पाणी घालायचं म्हटलं तर त्याला पाण्याचा वीट येईल. तीन जण निवडा, त्यातला एक गेल्या वर्षी आलेल्या सव्वाशेंमधला असू द्या. नव्यांचं स्वागत आठवडा-आठवडा वाटून घ्या. आणि त्यांच्या हाती सोपवून तुम्ही महिनाभर ग्रुपच्या बाहेर राहा. तुमच्या स्वतःच्या कुंड्यांकडे शेवटचं निवांत कधी बघितलंत? माझ्या बाबतीत त्या प्रश्नाचं उत्तर ‘आठवत नाही’ असं आलं, तेव्हा मी किल्ल्या वाटून टाकल्या. ग्रुप बुडाला नाही. काही गोष्टी मी केल्या असत्या त्याहून बऱ्या झाल्या.

बंद करायचा की नाही, हे सहा महिन्यांनी बघा. तेव्हाही कुणी सुकलेलं रोप दाखवायला धजत नसेल, तर बंद करा आणि उरलेल्या जुन्या मैत्रिणी मिळून पुन्हा लहान ग्रुप सुरू करा. त्यात कमीपणा काही नाही. पण मला नाही वाटत तशी वेळ येईल. जो ग्रुप एका टोमॅटोवर दिवसभर बोलायचा, त्यातली माणसं अजून तिथेच आहेत.

या सगळ्याआधी मात्र एक काम आजच करा. त्या मुलीचा नंबर तुमच्याकडे असेल. ग्रुपमध्ये परत या, असं म्हणू नका. माफीचं लांबलचक पत्रही नको. एवढंच लिहा, ‘त्या दिवशी तुमच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही, मीही नाही. उशीर झालाय, पण विचारते. पानांच्या कडा वर वळल्या होत्या की खाली? आणि मिरचीचं पुढे काय झालं?’